इंजिनांतील साक्षीदार

आगगाडीनें प्रवास करणाऱ्या मनुष्याचा आपल्या सारथ्याशीं जितका अल्प परिचय असतो, तितका दुसऱ्या कोणत्याहि वाहनांत नसतो. रिक्षावाल्याशीं आपण भाड्यावरून दोन शब्द बोलतों, एस. टी.च्या चालकाची निदान पाठ तरी आपल्याला दिसते. विमानांत वैमानिक आपलें नांव व हवेचें मान सांगून मोकळा होतो. परंतु हजार-दीड हजार माणसें ज्या दोघांच्या हातीं आपले प्राण सोंपवून रात्रीं निश्चिंत झोंपीं जातात, त्यांचें तोंडहि त्यांनीं पाहिलेलें नसतें. पहांटे स्टेशन आलें कीं आपण सामान सांवरून उतरतों आणि घरीं येऊन 'गाडी वेळेवर आली' एवढें बोलून त्या प्रकरणाचा निकाल लावतों. गाडी आपोआप आलेली नसते, ती कोणीतरी आणलेली असते, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

माझ्या ध्यानांत तें आलें, याचें कारण घरचेंच आहे. मी जन्मभर शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. यंत्रविद्येशीं माझा संबंध घड्याळास किल्ली देण्यापलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु माझ्या धाकट्या बहिणीस अकालीं वैधव्य आल्यापासून ती व तिचा मुलगा आमच्याच घरीं असतात, आणि हा माझा भाचा आज रेल्वेंत लोको पायलट आहे. आमच्या लहानपणीं ज्यास ड्रायव्हर म्हणत, त्यासच आतां हें नांव आहे. त्याच्या कामाची वेळ म्हणून ठरलेली नाहीं. कधीं दुपारीं दोनास, कधीं मध्यरात्रीं त्यास बोलावणें येतें. त्यामुळें आमच्या घरांत कोणीतरी नेहमीं दिवसा झोंपलेलें असतें आणि बाकीचीं माणसें आवाज न करतां वावरत असतात.

इंजिनाच्या पुढील खोलींत, म्हणजे कॅबमध्यें, काय काय असतें, हें त्यानें एकदां जेवणाच्या टेबलावर वाट्या व चमचे मांडून मला समजावून दिलें. डब्ल्यूएपी-७ नांवाचें विजेचें इंजिन आज आपल्या अनेक लांब पल्ल्यांच्या गाड्या ओढतें. त्याच्या माथ्यावरील पँटोग्राफ वरच्या तारेंतून २५,००० व्होल्टची वीज घेतो. चालकाच्या हाताशीं एक दांडा असतो. तो एका बाजूस सारला असतां वेग वाढतो, दुसऱ्या बाजूस सारला असतां इंजिनाच्या मोटारीच गाडीस रोधूं लागतात आणि त्या रोधांतून उत्पन्न झालेली वीज तारेंत परत जाते. याखेरीज हवेच्या दाबावर चालणारे दोन ब्रेक असतात. एक सबंध गाडीचा, दुसरा केवळ इंजिनाचा. सबंध गाडीखालून जी नळी जाते, तींत दर चौरस सेंटिमीटरास ५ किलोग्रॅम एवढा दाब राखावा लागतो. हा दाब घटला म्हणजे ब्रेक लागतात. दाब वाढल्यानें ब्रेक लागत असावेत, अशी माझी समजूत होती. परंतु योजना उलटी आहे. नळी फुटली किंवा डबे सुटले तर दाब आपोआप घटतो आणि कोणी कांहीं न करितां गाडी थांबते. यंत्र बिघडलें तर तें सुरक्षिततेच्या बाजूस बिघडावें, हा त्यांतील विचार मला फार थोर वाटला.

हाच विचार माणसासंबंधानेंहि केलेला आहे. मुंबईच्या लोकल गाड्यांत चालकास आपल्या हातांतील मूठ सतत दाबून धरावी लागते. हात सैल पडला कीं ब्रेक लागतात. इंग्रजींत ह्या मुठीस 'डेड मॅन्स हँडल' म्हणतात. मेलेल्या माणसाची मूठ! नांव अभद्र खरें. परंतु जो बसल्या जागीं गतप्राण झाला, त्याच्या मागें बसलेल्या शेंकडों जिवांची काळजी त्या नांवांत आहे. मोठ्या इंजिनांत याच हेतूनें दक्षतेचें एक उपकरण बसविलेलें असतें. चालकानें सुमारें एक मिनिटपर्यंत कोणतीच हालचाल केली नाहीं, तर आधीं दिवा लुकलुकतो, मग घंटी वाजते, आणि तरीहि त्यानें बटण किंवा पेडल दाबलें नाहीं, तर गाडी थांबविली जाते.

ह्या परंपरेंतील सर्वांत नवें उपकरण म्हणजे 'कवच'. ह्याच्या प्रवासी गाड्यांवरील चांचण्या फेब्रुवारी २०१६ मध्यें सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्यें राष्ट्रीय स्वयंचलित गाडी-संरक्षण पद्धति म्हणून तें स्वीकारण्यांत आलें. रुळांमधील स्लीपरांवर बसविलेल्या लहान चकत्या इंजिनास आपण नेमके कोठें आहों तें सांगतात; स्टेशनांवरील मनोऱ्यांतून रेडिओद्वारां पुढील सिग्नलाची खबर येते; आणि चालकासमोरील पडद्यावर पुढें किती अंतर जाण्यास मोकळीक आहे, तें उमटतें. चालकानें लाल सिग्नल ओलांडण्याचा प्रसंग आणला, तर यंत्र स्वतः ब्रेक लावतें. ४ मार्च २०२२ रोजीं दक्षिण-मध्य रेल्वेवर दोन इंजिनें एकाच रुळावर समोरासमोर सोडण्यांत आलीं. त्यांपैकीं एकांत रेल्वेमंत्री स्वतः बसलेले होते. आणि त्यांचें इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटरांवर आपोआप थांबलें. दाट धुक्यांत सिग्नल दिसत नाहीं, अशा रात्रीं हें यंत्र चालकाच्या शेजारीं बसलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखें आहे, असें माझा भाचा म्हणतो. अद्याप तें सर्व मार्गांवर आणि सर्व इंजिनांत पोहोंचलेलें नाहीं. तें लवकर पोहोंचावें, याविषयीं कोणाचेंहि दुमत नाहीं.

दुमत आहे तें दुसऱ्याच एका उपकरणाविषयीं. अलीकडे इंजिनांत कॅमेरे बसूं लागले आहेत. कांहींचें तोंड बाहेर रुळांकडे असतें. कांहींचें आंत, चालक व त्याचा सहायक यांच्याकडे. आणि त्यांचें बोलणेंहि टिपून ठेवलें जातें. ह्या कॅमेऱ्यांनीं आमच्या घरांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चांगलाच वाद माजविला.

बहीण म्हणाली, "दादा, मला तर ऐकून बरें वाटलें. रात्रीं दोन वाजतां हा जागा आहे कीं नाहीं, तें कोणीतरी पाहतें आहे. एवढ्यानेंच मला झोंप लागेल."

"आई, कॅमेरा मला जागवीत नाहीं," भाचा म्हणाला. "मला डुलकी लागली, तर तो ती नुसती टिपून ठेवील. जागवायला पेडल आहे, कवच आहे. तीं माझ्या मदतीसाठीं आहेत. कॅमेरा मदतीसाठीं नाहीं. उद्यां माझ्यावर ठपका ठेवायचा झाला, तर त्यासाठीं आहे."

त्याची बायको आतांपर्यंत ऐकत होती. ती म्हणाली, "आणि डबा खातांना, घाम पुसतांना, सदऱ्याची गुंडी सोडतांना? तेंहि टिपणारच ना? आतां बायकाहि इंजिन चालवितात; त्यांनीं काय करावें?"

ह्या शेवटच्या प्रश्नास आम्हां तिघांपैकीं कोणापाशींहि चटकन उत्तर नव्हतें. आशियांतील पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्या साताऱ्याकडील सुरेखा यादव यांनीं मार्च २०२३ मध्यें सोलापुराहून मुंबईस वंदे भारत गाडी आणली आणि सप्टेंबर २०२५ मध्यें त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या मागून अनेक मुली ह्या कामांत आल्या आहेत. ज्या इंजिनांत वर्षानुवर्षें शौचालयाचीहि सोय नव्हती आणि आतां कोठें ती होऊं लागली आहे, त्यांत आधीं कॅमेरा बसावा, हें सुनेस विपरीत वाटलें, तर त्यांत तिचें काय चुकलें?

तरीहि बहिणीचें म्हणणें भावनेचें म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. १२ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंत, लॉस एंजेलिसजवळील चॅट्सवर्थ येथें, मेट्रोलिंकची एक लोकल गाडी लाल सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. २५ माणसें मृत्यु पावलीं, शंभराहून अधिक जखमी झालीं. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, चालक मोबाइलवरून निरोपांची देवघेव करीत होता आणि त्यानें शेवटचा निरोप टकरीपूर्वीं अवघीं २२ सेकंदें आधीं धाडला होता. त्या प्रकरणानंतर तेथील चौकशी-मंडळानें इंजिनांत चित्र व आवाज टिपणारीं यंत्रें बसवावींत, अशी शिफारस केली. मेट्रोलिंकनें कॅमेरे बसविले, तेव्हां इंजिनचालकांची संघटना न्यायालयांत गेली. म्हणजे आमच्या टेबलावरील वाद तेथें पंधरा वर्षांपूर्वींच होऊन गेला होता!

तेथील कायदेमंडळानें २०१५ सालीं जो कायदा केला, त्यांतील तरतुदी मला मनन करण्याजोग्या वाटतात. प्रवासी गाड्यांच्या इंजिनांत आंत व बाहेर पाहणारे कॅमेरे असावे; त्यांनीं निदान १२ तासांचें चित्रण राखावें; अपघातांतहि तें नष्ट होऊं नये. त्याचा उपयोग कशाकशासाठीं करावा, तेंहि लिहिलेलें आहे: सुरक्षिततेचे नियम पाळले जातात कीं नाहीं तें पाहण्यासाठीं, अपघाताच्या चौकशीसाठीं, गुन्ह्याच्या पुराव्यासाठीं. आणि पुढें स्पष्ट म्हटलें आहे कीं, कोणा नोकरावर सूड उगविण्यासाठीं हें चित्रण वापरतां येणार नाहीं. ह्या कायद्यास अनुसरून तेथील रेल्वे-प्रशासनानें ऑक्टोबर २०२३ मध्यें नियम जाहीर केले. कॅमेऱ्यास जागा देतांनाच त्याला कुंपणहि घातलें, हें मला शहाणपणाचें वाटतें.

आतां दुसरी बाजू सांगतों. कोठेंहि रेल्वेचा अपघात झाला कीं लोकांचें बोट प्रथम चालकाकडे वळतें. २ जून २०२३ रोजीं ओडिशांत बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला घोर अपघात झाला. जवळजवळ तीनशें माणसें दगावलीं. चालकास सिग्नल हिरवा मिळालेला होता. परंतु सिग्नल-यंत्रणेंतील दुरुस्तीच्या कामांत झालेल्या हयगयीमुळें गाडी मुख्य रुळावरून बाजूच्या रुळावर गेली आणि तेथें उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. यंत्रांनीं राखलेल्या नोंदी होत्या म्हणून सत्य बाहेर आलें. नोंद नसती, तर सगळा भार इंजिनांत बसलेल्या माणसाच्या शब्दावर पडला असता. आणि गरीब नोकराच्या शब्दास अशा वेळीं किती वजन असतें, तें आपण जाणतों.

आमच्या घरासहि ह्याचा अनुभव आला. गेल्या पावसाळ्यांत भाच्याच्या गाडीपुढें एक मनुष्य अकस्मात् रुळांवर आला. शिटी वाजली, ब्रेक लागले; परंतु भरधांव गाडी थांबावयास शेंकडों मीटर लागतात, आणि तेवढें अंतर त्या दुर्दैवी जिवाच्या नशिबीं नव्हतें. पुढें विचारणा झाली. बाहेरच्या कॅमेऱ्यानें तो मनुष्य कोठून आला तें दाखविलें, आंतल्या कॅमेऱ्यानें भाच्याचा हात तत्क्षणीं ब्रेकवर गेलेला दाखविला. प्रकरण चार प्रश्नांत मिटलें. ज्या यंत्राविषयीं त्यानें इतका त्रागा केला होता, त्यानेंच त्याची साक्ष दिली, हें त्यानें मोकळेपणें कबूल केलें. पण तो दोन दिवस जेवला नाहीं. तिसऱ्या दिवशीं बहिणीनें त्याच्या पुढ्यांत मऊ भात कालवून ठेवला आणि ती कांहीं न बोलतां शेजारीं बसून राहिली, तेव्हां त्यानें चार घास खाल्ले. कॅमेऱ्यानें त्याचा हात पाहिला होता. त्या हाताचा मागाहून सुटलेला कंप पाहण्यास आई लागली.

मला स्वतःला कॅमेऱ्याचा अनुभव शाळेंत आला. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत वर्गावर्गांतून कॅमेरे बसले. पूर्वीं तपासनीस येत, मागच्या बाकावर बसत, आणि दोन तासांनीं निघून जात. त्यांचें भय असे, पण त्यांच्याशीं बोलतांहि येत असे. कॅमेरा निघून जात नसे. त्याचे फायदे झाले. वह्या फाडणें, डबे पळविणें हे प्रकार थांबले. एका मुलावर चोरीचा खोटा आळ आला होता, तो त्याच्यामुळेंच धुऊन निघाला. परंतु आणखीहि एक गोष्ट घडली. तास संपल्यावर एखादा मुलगा रेंगाळत माझ्या टेबलापाशीं येई आणि घरचें दुःख हलक्या आवाजांत सांगे. तीं मुलें येईनाशीं झालीं. कोणी त्यांना मना केलें नव्हतें. त्यांनीं एकदां वर पाहिलें आणि तीं दप्तर उचलून बाहेर गेलीं. ह्या हानीची नोंद कोणत्याहि चित्रणांत सांपडावयाची नाहीं.

'साक्षी' हा शब्द पाणिनीनें 'साक्षात्' ह्यापासून, पाहणारा ह्या अर्थीं, सिद्ध केला आहे. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें तो साक्षी. परंतु न्यायसभेंत साक्षीदारास नुसतें उभें करून चालत नाहीं. त्याची उलटतपासणी होते. तूं कोठें होतास, त्यापूर्वीं काय घडलें होतें, तुला कळलें नाहीं असें काय काय आहे, हें त्याला विचारतां येतें. कॅमेऱ्यास हें विचारतां येत नाहीं. चालकाच्या पापण्या मिटल्या, एवढें तो दाखवील. त्याच्या मागील चार रात्रीं कशा गेल्या होत्या, त्यास किती तासांची विश्रांति मिळाली होती, आदल्या दिवशीं घरांत आजारी मूल होतें कीं काय, हें तो कोठून सांगणार? म्हणून त्याची नोंद ग्राह्य मानावी, परंतु ती वाचणारा मनुष्य मात्र विचारी व निःपक्ष असावा. जो ती नोंद पाहील, त्यानें त्याच बैठकींत चालकाच्या कामाचे तास व विश्रांतीचे तास दाखविणारा कागदहि पाहिला पाहिजे.

शिवाय दक्षता ही बाहेरून पाहिल्यानें येत नाहीं. ती अभ्यासानें येते. आपल्या रेल्वेचा नियम आहे कीं, प्रत्येक सिग्नल दिसतांच चालक व सहायक यांनीं त्याचा रंग एकमेकांस मोठ्यानें सांगावा. जपानांत तर चालक सिग्नलाकडे बोट दाखवून तो उच्चारतो. तेथील रेल्वे-संशोधन संस्थेनें १९९४ सालीं केलेल्या प्रयोगांत, नुसतें काम करतांना शंभर कृतींमागें २.३८ चुका होत, त्या बोट दाखवून उच्चार केल्यावर ०.३८ वर आल्या. हें वाचून मला नवल वाटलें नाहीं. शुक्ल यजुर्वेदी वैदिक स्वरागणिक हात हालवून संथा म्हणतात, तें आपण पाहिलेलेंच आहे. डोळा, वाणी व हात हीं तिन्ही एका अक्षरावर आलीं म्हणजे मन दुसरीकडे जाण्यास वाटच उरत नाहीं. इंजिनांतील ते दोघे रात्रभर एकमेकांस 'हिरवा', 'हिरवा', 'पिवळा' असें सांगत जातात, तेव्हां ते दोघे परस्परांचे साक्षी असतात; आणि हा साक्षी दुसऱ्याची चूक घडण्यापूर्वीं त्यास सावध करूं शकतो.

एवढा विचार केल्यावर माझें मत असें झालें आहे. कॅमेरा इंजिनांत असावा. हजारों प्रवाशांच्या प्राणांपुढें चालकाचा संकोच मोठा मानतां येत नाहीं, आणि निर्दोष चालकासहि त्याच्यासारखा आधार नाहीं. परंतु तो कवचाच्या ऐवजीं नसावा, विश्रांतीच्या ऐवजीं नसावा, शौचालयाच्या व पंख्याच्या ऐवजीं तर नसावाच. चित्रण कोणीं, केव्हां, कोणत्या कारणासाठीं पाहावें आणि किती दिवसांनीं पुसून टाकावें, हें चालकांच्या प्रतिनिधींस बरोबर घेऊन लिहून ठेवावें. चालकास स्वतःचें चित्रण मागण्याचा हक्क असावा. आणि कोणा वरिष्ठानें मनांत अढी धरून मागच्या महिन्यांतील जांभया मोजीत बसूं नये.

हा प्रश्न केवळ रेल्वेचा आहे, असेंहि वाचकांनीं समजूं नये. आज आपल्या दारावर, जिन्यांत, कामवाल्या बाईंच्या माथ्यावर, आजोबांच्या खोलींत, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलासमोर कॅमेरे लागूं लागले आहेत. लावणाराचा हेतु बहुधा प्रेमाचा किंवा काळजीचाच असतो. तरीहि खिळा ठोकण्यापूर्वीं, ज्याच्यावर तो डोळा रोखावयाचा आहे त्या माणसास समोर बसवून, हें कशासाठीं आहे आणि कोण पाहणार आहे, तें सांगण्याची रीत घराघरांत पडावी. आमच्या घरीं बहिणीच्या खोलींत कॅमेरा लावावा, असें मुलांनीं सुचविलें होतें. ती पडली तर कळावें म्हणून. तिला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "दारापाशीं लावा, देवघराकडे नको." त्याप्रमाणें तो दारापाशीं लावला आहे.